दोन मात्रांचे गुरुजी

"कैलाशवासी रामभाऊ बोडके गुरुजी आज आपल्यात नाहीत, हे मानायला माझं मन तयार नाही," असं म्हणून सभापती दौलतरावांनी खिशातून रुमाल काढला.

मन तयार नव्हतं ते एका परीनं बरंच होतं. कारण बोडके गुरुजी त्यांच्या डाव्या हाताला दोन खुर्च्या सोडून बसले होते. डोक्याला फेटा, अंगावर शाल, मांडीवर नारळ. फेटा घाईत बांधलेला, सारखा कानावर उतरत होता आणि गुरुजी तो एका हाताने वर सारत होते. राहता राहिले रामभाऊ, तर ते गुरुजींचे वडील. त्यांना आमच्यापैकी कोणी बघितलेलंही नव्हतं.

मी माइकच्या शेजारी उभी होते. आमच्या बोरदऱ्यात कार्यक्रम कुठलाही असो, सूत्रसंचालन माझ्याकडे. कारण काय, तर माझी पिठाची गिरणी आहे. चालू गिरणीत बायकांशी बोलून बोलून माझा आवाज असा झालाय की माइक बंद पडला तरी कार्यक्रम अडत नाही. त्या दिवशी मात्र तो आवाज कुठे गेला कोण जाणे. मी गुरुजींकडे बघतेय, गुरुजी सभापतींकडे बघतायत, आणि सभापती वर मांडवाच्या कापडाकडे बघून गुरुजींच्या आत्म्याला शांती मागतायत.

हे सगळं झालं एका अक्षरापायी. गुरुजींचं नाव कैलास रामभाऊ बोडके. शिक्षण खात्यात माणसाला पूर्ण नाव परवडत नाही, आद्याक्षरांवर भागवतात. कोणी शि. वा. असतो, कोणी द. मा. असतो. आमचे गुरुजी झाले कै. रा. बोडके. पहिल्या दिवसापासून कागदावर माणूस गेलेला. नवीन साहेब तपासणीला आला की गंभीर चेहरा करून विचारायचा, "बोडके गुरुजी कधी गेले? मग शाळा कोण बघतंय?" पेन्शन लागल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला आणायला लागायचा, त्यावर लिहिलेलं असायचं, "कै. रा. बोडके हे आज रोजी हयात आहेत." देणारा कारकून हसून हसून शिक्का वाकडा मारायचा.

लोक सांगायचे, गुरुजी, नुसतं 'के. रा.' लिहा की. कटकट जाईल. गुरुजी म्हणायचे, "माझ्या नावावर दोन मात्रा आहेत. स्वतःच्या नावातली मात्रा खाणाऱ्या माणसाने पोरांचं शुद्धलेखन तपासू नये." झालं, विषय संपला.

शुद्धलेखनाच्या बाबतीत ते असेच होते, हट्टी म्हणा, खुळे म्हणा. मी गिरणी टाकली तेव्हा पाटीवर रंगवून आणलं होतं, 'पीठाची गीरणी'. पहिलंच गिऱ्हाईक म्हणून गुरुजी दळणाचा डबा घेऊन आले आणि रस्त्यातच थांबले. आत येईनात. "पीठ दीर्घ, पिठाची ऱ्हस्व. आणि गिरणी तर काही केल्या दीर्घ नाही." पेंटरला बोलावून पाटी दुरुस्त होईपर्यंत उन्हात उभे राहिले, मग डबा आत ठेवला. मला इतका राग आला होता की दळण जाणूनबुजून जाडं काढलं. त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पीठ जाडं होतं, पण पाटी शुद्ध होती ना, मग झालं.

बोरदऱ्याच्या शाळेत त्यांनी उभा जन्म काढला. पहिली ते चौथी, चार वर्ग, एक खोली, एक गुरुजी. गावातला साठीच्या आतला जो कोणी तुम्हाला भेटेल तो त्यांच्या हाताखालून गेलेला. छडी त्यांनी कधी धरली नाही. चुकलेला शब्द पाटीभर लिहायला लावायचे. मी 'आशीर्वाद' इतक्यांदा लिहिलाय की आजही कोणी आशीर्वाद दिला की बोटं दुखतात. वर्गात गलका झाला तरी ओरडायचे नाहीत. स्वतः हाताची घडी घालायचे, तोंडावर बोट ठेवायचे आणि उभे राहायचे. एकेक करून सगळा वर्ग तसाच बसायचा. रिटायर झाल्यावर ते आपल्या गावी गेले नाहीत. कौसल्याकाकूंना घेऊन इथेच, शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत राहिले.

आणि मग त्या वर्षी खात्याचा हुकूम आला. पट कमी, शाळा बंद. जूनपासून पोरांनी नांदूरला जायचं. नांदूर काही लांब नाही हो, पण मध्ये हायवे आहे. त्या हायवेवर ट्रक असे जातात की आमची म्हैस पलीकडे न्यायची तर दोन माणसं लागतात, एक दोर धरायला आणि एक हात दाखवायला. माझी मयूरी तेव्हा दुसरीत होती. गिरणीचा पट्टा फिरत असायचा आणि माझ्या डोळ्यांपुढे नुसते ट्रक. नवऱ्याला म्हटलं, पोरगी घरी बसवीन पण तिकडे धाडणार नाही. बोलायला सोपं असतं.

गुरुजी सभापतींच्या कार्यालयात खेपा घालत होते. बाकावर बसायचे, आत बोलावलं की उभं राहून सांगायचे. दौलतराव फोनवर बोलता बोलता कागद घ्यायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "बघतो." गुरुजी परत यायचे. आम्ही विचारायचो, काय म्हणाले? गुरुजी म्हणायचे, "बघतो म्हणाले, पण बघितलं नाही."

युक्ती काढली आमचे सरपंच निवृत्तीआप्पा यांनी. आप्पा राजकारणात मुरलेला माणूस. म्हणाले, "साहेब अर्जाला येत नाहीत, सत्काराला येतात. आपण गुरुजींचा सत्कार ठेवू. साहेब शाल घालतील, मग गुरुजी उत्तराच्या भाषणात सगळ्या गावासमोर शाळेचं मागतील. चार लोकांत नाही म्हणता येत नाही." पत्रिका छापली, 'कै. रा. बोडके गुरुजी कृतज्ञता सोहळा'. मुद्रितशोधन खुद्द सत्कारमूर्तींनी केलं. त्यात एक चूक सापडेल तर शपथ. गुरुजींनी भाषण लिहून काढलं, पाठ केलं, कौसल्याकाकूंना रोज म्हणून दाखवलं. शेवटी काकूंनाच ते पाठ झालं होतं.

आता तो दिवस. शाळेच्या पटांगणात मांडव, भिंतीवरच्या फळ्याला पाठ करून स्टेज. सभापती यायचे होते सकाळी, आले दुपार कलल्यावर. तोवर दोनदा चहा झाला, पोरांची लेझीम झाली, पोरांचं भांडणही झालं. उशिराचं कारण असं की साहेबांना त्या दिवशी नदीवर दोन दशक्रिया होत्या. आमच्याकडे दहाव्याला पुढारी आला नाही तर गेलेल्या माणसाची किंमत कमी होते, आणि पुढारी गेला नाही तर पुढाऱ्याची. दोन्ही ठिकाणी श्रद्धांजलीची भाषणं करून साहेब तडक आमच्याकडे आले होते. तोंडात तेच शब्द, खिशात तोच रुमाल.

त्यात आप्पांनी एक घोळ घातला. गुरुजींना भेट द्यायला त्यांचा मोठा फोटो फ्रेम करून आणला होता. तो टेबलावर सरस्वतीच्या तसबिरीशेजारी ठेवला. सरस्वतीला हार घातला, एक हार उरला. उरलेला हार वाया कशाला घालवायचा म्हणून आप्पांनी तो गुरुजींच्या फोटोला घातला, वर उदबत्ती लावली. स्टेजवरच्या झाडून सगळ्यांना फेटा, शाल आणि नारळ, तेव्हा सत्कार कोणाचा हे पाहुण्याला कळायची सोय नाही. साहेबांचे पीए माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "ताई, साहेबांना अजून एक शोकसभा गाठायचीय. आधी भाषण घ्या, बाकीचं मागून." मी साहेबांचं नाव पुकारलं. साहेबांनी पत्रिकेवर 'कै. रा.' वाचलं, 'रा.'चं रामभाऊ करून टाकलं, फोटोवरचा हार बघितला, आणि पुढचं मघाशी सांगितलंच.

पहिलं वाक्य पडलं आणि मांडवात हालचाल सुरू झाली. पुढच्या रांगेत कौसल्याकाकू कपाळभर कुंकू लावून बसल्या होत्या. त्यांचा हात मंगळसूत्राकडे गेला आणि त्या ताडकन उठल्या. मागून कोणीतरी हसलं. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, ज्या माणसाने तुझ्या दारात खेटे घातले त्याचं तोंडही तुला ठाऊक नाही? मी माइककडे हात नेला. "साहेब, जरा ऐका..."

तेवढ्यात गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. नारळ खाली ठेवला, हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.

तुम्हाला सांगते, माझी दातखीळच बसली. वय काय, गिरणीची मालकीण मी, पण हात आपोआप घडीत गेले. आप्पांचं पोट आडवं येत होतं तरी त्यांनी घडी घातली. मग पुढची रांग, मग मागची, मग मांडवाच्या खांबाला टेकलेली टोळकी. चाळिशीतले, पन्नाशीतले बाप्ये, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, सगळे हाताची घडी, तोंडावर बोट. कौसल्याकाकू तेवढ्या उभ्या होत्या. गुरुजींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्या खाली बसल्या, पण बोट काही ठेवलं नाही. त्या कधी त्यांच्या वर्गात नव्हत्या ना.

सभापतींनी मांडवावरून नजर फिरवली आणि ते गहिवरले. "श्रद्धांजलीची ही पद्धत मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले. "काय ही शिस्त. बाकीच्या गावांनी शिकावं तुमच्याकडून."

मग साहेब सुटले. गुरुजींनी त्यांना अंगाखांद्यावर खेळवलं होतं म्हणे. साहेब वाढले तालुक्याच्या गावात आणि गुरुजी तिथे अर्ज द्यायलाच काय ते गेलेले. "मी स्वतः गुरुजींच्या हातची छडी खाल्लीय," साहेब म्हणाले. गुरुजींनी न धरलेली छडी याने कुठून खाल्ली, ते त्यालाच माहीत. मी बोटाआड ओठ चावत होते. शेजारी आप्पांचे खांदे हलत होते.

"असे हे कैलाशवासी गुरुजी..."

"कैलासवासी," गुरुजी म्हणाले. "दंत्य स."

आप्पांनी डोळे मिटून घेतले. मी मनात म्हटलं, झालं, घालवलं. या माणसाला मरणसुद्धा अशुद्ध चालत नाही.

सभापती वळले. "हां, कैलासवासी. काका बरोबर बोलतात." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "काका, आपण गुरुजींचे कोण?"

खोटं बोलायचं नाही, हे आम्हाला शिकवणारा माणूस. गुरुजींनी फेटा वर सारला. "फार जवळचा."

"किती वर्षांची ओळख?"

"जन्मापासूनची."

साहेबांनी हार घातलेल्या फोटोकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं. "म्हणजे धाकटे बंधू. तरीच म्हटलं, चेहरा मिळतोय." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा काका. गुरुजींच्या मागे कोण असतं आता?"

गुरुजींनी मान वळवून मागे बघितलं. "मागे? मागे फळा आहे."

साहेबांना हुंदका आला. अगदी खरा, मी जवळून बघितला. "ऐका मंडळी," ते माइकवर म्हणाले. "जमीन नाही, जुमला नाही. या माणसाच्या मागे फक्त फळा आहे." टाळ्यांचं वाक्य होतं ते, पण टाळ्या वाजवायला कोणाचे हात मोकळे नव्हते. कार्यक्रमाला आलेल्या वार्ताहराने मात्र ते वाक्य लिहून घेतलं.

मग साहेबांनी माझ्याकडे बघून तो नेहमीचा प्रश्न विचारला. दहाव्याला तो विचारतातच. "गुरुजींची काही अखेरची इच्छा होती का?"

गुरुजींचा हात शालीखाली सदऱ्याच्या खिशाकडे गेला. तिथे ते पाठ केलेलं भाषण होतं. हात तिथे थोडा थांबला आणि रिकामा परत आला. गेलेल्या माणसाला सत्काराला उत्तर देता येत नाही. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. वर्गात धडा वाचायला उठवताना हलवायचे, अगदी तशी. चंद्रभागा, पुढचं तू वाच.

मी तोंडावरचं बोट काढलं. "होती साहेब. ही शाळा बंद होऊ नये. पोरांना हायवे ओलांडायला लागू नये. शेवटपर्यंत एवढंच बोलत होते." शेवटपर्यंत म्हणजे त्या सकाळपर्यंत, त्यात खोटं काही नव्हतं. "माझी मुलगी दुसरीत आहे साहेब," एवढं मात्र मी माझ्या मनचं घातलं, आणि माझा आवाज, जो गिरणीत कधी फाटला नाही, तो तिथे फाटला.

सभापतींनी डोळे पुसले. वार्ताहराकडे एकदा बघून घेतलं. "कैलासवासी गुरुजींच्या आत्म्याला मी सभापती म्हणून शब्द देतो," ते म्हणाले, आणि स नीट म्हणाले. "ही शाळा बंद होणार नाही. शाळेला गुरुजींचं नाव लागेल. आता आपण दोन मिनिटं उभं राहू."

सगळ्यांत आधी गुरुजी उठले. टाचा जोडून, डोळे मिटून, राष्ट्रगीताला उभे राहायचे तसे. फेटा पुन्हा कानावर उतरला, पण दोन मिनिटं त्यांनी त्याला हात लावला नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेले तर काकू मीठ-मोहऱ्या घेऊन गुरुजींची दृष्ट काढत होत्या. गुरुजी शहाण्या मुलासारखे बसले होते. काकूंचं तोंड चालू होतं. "माझ्या डोळ्यांदेखत माझ्या नवऱ्याला मारलं आणि हे उभे राहिले स्वतःसाठी. लाज वाटली पाहिजे. माझ्या कुंकवाचा तरी विचार करायचा."

"खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, तूच म्हणतेस ना?" गुरुजी म्हणाले.

"म्हणते म्हणून वाचलात," काकू म्हणाल्या आणि मोहऱ्या चुलीत टाकायला आत गेल्या.

मी तरी कुठे शांत होते. "गुरुजी, आम्हाला आयुष्यभर खरं बोला म्हणून सांगितलंत, आणि आज काय केलंत?"

"मी खोटा शब्द कोणता बोललो, सांग."

मी सगळं आठवून बघितलं. फार जवळचा, जन्मापासूनची, मागे फळा आहे. एकही सापडला नाही. "पण गप्प का बसलात? पहिल्याच वाक्याला सांगितलं असतंत की मी जिवंत आहे, तर?"

"तर ते सॉरी म्हणाले असते. मला सत्काराची शाल घातली असती. मग मी भाषण केलं असतं आणि शाळेचं मागितलं असतं." गुरुजींनी चष्मा काढून धोतराला पुसला. "मग ते काय म्हणाले असते, चंद्रभागा?"

मला उत्तर येत होतं.

"बघतो म्हणाले असते," गुरुजींनीच सांगितलं. "जिवंत माणसाला बघतो म्हणता येतं. मेलेल्याला म्हणता येत नाही. तो परत विचारायला येत नाही ना, म्हणून लोकांसमोर त्याचं करावं लागतं." हे बोलताना ते हसले नाहीत. मला एकदम रडू आलं, आणि मी ते पदराने पुसलं नाही, तसंच येऊ दिलं.

हुकूम आठवड्यातच निघाला, 'विशेष बाब म्हणून'. शाळेवर पाटी लागली, 'कै. रा. बोडके गुरुजी प्राथमिक शाळा'. रंगवताना गुरुजी खाली उभे राहून मात्रा बघत होते. मयूरी त्याच शाळेत चौथी झाली. गुरुजी रोज सकाळी स्वतःच्या नावाखालून जाऊन पोरांना पाढे म्हणायला लावायचे. साहेबांची गाडी हायवेवरून गावाकडे वळली की आप्पांचा फोन यायचा आणि गुरुजी माझ्या गिरणीत येऊन बसायचे. अंगावर पीठ उडून पांढरेफटक व्हायचे. बायका दळण टाकता टाकता म्हणायच्या, "काय गुरुजी, आज परत वारलात का?" गुरुजी म्हणायचे, "अगं, गाडी जाईपर्यंत."

काकूंच्या दृष्टीचा गुण म्हणा की खोट्या बातमीचा, त्यानंतर ते पुष्कळ जगले. गेले ते झोपेत. तोवर मयूरी डी.एड. होऊन दुसऱ्या तालुक्यात शिक्षिका झाली होती, ती रात्रीचा प्रवास करून आली.

शोकसभा शाळेच्याच पटांगणात ठेवली. बॅनरचा मजकूर मी दिला. छापणाऱ्याचा तालुक्याहून फोन आला, "ताई, नावाआधी एक कै. जास्त पडलाय, काढून टाकू?"

"काढलास तर ते जिवंत होतील," मी म्हटलं. "राहू दे दोन्ही."

दौलतराव आले. आता सभापती राहिले नव्हते, त्याहून बरेच मोठे साहेब झाले होते, पण दहावे चुकवत नव्हते. येतील असं आम्हाला वाटलंच नव्हतं. स्टेजवर चढले, फोटोजवळ गेले आणि थबकले. एवढ्या वर्षांनी ओळखलं वाटतं.

"हे तर काका," साहेब म्हणाले. मग बॅनर वाचला, 'कै. कै. रा. बोडके गुरुजी', आणि मान डोलावली. "दोघांही भावांचं स्मरण एकत्र केलंत, फार चांगलं केलंत."

मी मांडवाकडे बघितलं. कोणी हसलं नाही. एकेक हात घडीत जात होता, एकेक बोट वर येत होतं. पुढच्या रांगेत कौसल्याकाकू बसल्या होत्या, कपाळ मोकळं. ते कपाळ मला बघवेना.

"थोरले गुरुजी गेले तेव्हा मी इथेच उभा होतो," साहेब माइकवर म्हणाले. "या धाकट्या काकांनी मला भर सभेत दुरुस्त केलं होतं. कैलासवासी, दंत्य स. त्यानंतर मी हजारभर श्रद्धांजल्या वाहिल्या असतील, स कधी चुकला नाही. तेव्हा मीही यांचा विद्यार्थीच म्हणायचा."

एवढं एक तरी तो माणूस खरं बोलला. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मग त्यांनी रुमाल काढला आणि माझ्याकडे वळून तोच प्रश्न विचारला. "काकांची काही अखेरची इच्छा?"

मी डाव्या हाताच्या खुर्चीकडे बघितलं. ती रिकामी होती. मान हलवायला कोणी नव्हतं.

"होती साहेब," मी म्हटलं. "पाचवीचा वर्ग. चौथीनंतर आमची पोरं अजून हायवे ओलांडतात. शेवटपर्यंत तेच बोलत होते."

गुरुजी पाचवीबद्दल कधी बोलले होते की नाही, मला आठवत नाही. साहेबांनी आत्म्याला शब्द दिला. मग दोन मिनिटं उभं राहायचं आलं, तेव्हा त्यांनी मांडवाकडे बघितलं आणि स्वतःही हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं. तुमच्याकडची पद्धत, पीएला हळूच म्हणाले. काकूंनीही बोट ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदा ठेवलं.

पाचवी जूनमध्ये सुरू झाली. पहिल्या दिवशी काकूंना हाताला धरून मी शाळेत नेलं. नव्या वर्गाच्या दारात त्या बराच वेळ उभ्या होत्या, आत पोरं गलका करत होती.

"दोनदा गेले बघ, चंद्रा," काकू म्हणाल्या. "दोन्ही वेळा शाळेच्याच कामाला गेले."